वाळूजहून स्टुटगार्टला दोन वर्षं : होकाराआधी पत्रात काय बघायचं आणि घरी काय लावून जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, वाळूजच्या एका ऑटो-पार्ट्स कंपनीत क्वालिटी विभागात. कंपनी दोन वर्षांसाठी स्टुटगार्टजवळच्या मूळ कंपनीत डेप्युटेशनवर पाठवतेय आणि आठवडाभरात उत्तर हवंय. पत्नी गंगापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, मुलगी सहा वर्षांची. आई-वडील अंबाजोगाई तालुक्यात गावी, वडिलांना शुगर. सहा एकर जमीन, त्यातली दोन एकर तुमच्या नावावर. बहीण लातूरला दिलेली. आई म्हणते, "शिकून सवरून शेवटी आम्हाला एकटं टाकून चाललास." तुम्ही विचारलंय की जावं का, शिल्लक किती पडेल, आणि भाषा, थंडी, शाकाहारी जेवण हे जमेल का.

वाळूज-शेंद्र्याच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं कामगार आणि कर्मचारी विभागात काढली. त्यातला मोठा काळ माणसं बाहेर पाठवणं आणि परत आल्यावर त्यांची बसवाबसव करणं यातच गेला. मधे स्वतःही जर्मनीत राहून आलो. त्यावरून सांगतो : जा. पण तुम्ही ज्या तीन गोष्टींची भीती लिहिली आहे, त्यांच्यामुळे मुदतीआधी परत आलेला माणूस मला फारसा आठवत नाही. भाषा अर्धीमुर्धी येते, थंडीला जाकीट मिळतं, जेवण घरी करता येतं. मधेच परतणाऱ्यांची कारणं बहुतेक वेळा घरातली असतात. पत्नी तिथं दिवसभर एकटी पडते, नाहीतर वडील इथं आजारी पडतात आणि त्यांना दवाखान्यात न्यायला कोणी नसतं. आणि जे मुदत पूर्ण करून येतात त्यांच्यातले अनेक जण परत आल्यावर पस्तावतात, कारण खुर्ची दुसऱ्याला गेलेली असते. तेव्हा तुमचा आठवडा जर्मन शिकण्याच्या विचारात घालवू नका. तो पत्रावर आणि घरावर घालवा.

आधी पत्र. डेप्युटेशन आणि लोकल काँट्रॅक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एचआरमधली माणसंसुद्धा बोलताना त्यांची सरमिसळ करतात. डेप्युटेशनमध्ये तुमची नोकरी वाळूजच्या कंपनीतच राहते, पीएफ इथं चालू राहतो आणि जर्मनीसाठी बहुधा आयसीटी कार्ड, म्हणजे तिथं राहून काम करायचा परवाना, काढलं जातं. ते एकाच उद्योगसमूहात बदलीवर जाणाऱ्या मॅनेजर आणि तज्ज्ञांसाठी असतं आणि जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत मिळतं. लोकल काँट्रॅक्टमध्ये तुम्ही तिथल्या कंपनीचे नोकर होता, वाळूजची नोकरी संपते किंवा 'स्थगित' होते. हा 'स्थगित' शब्द दिसला की त्याखाली नेमकं काय लिहिलंय ते दोनदा वाचा.

डेप्युटेशन असेल तर कंपनीला एकच विचारा : सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढणार का? भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या कार्यालयाकडून, हा दाखला घेतला, की ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शन विम्यात पैसे भरावे लागत नाहीत. तिथला पेन्शन विमा पगाराच्या १८.६ टक्के आहे, निम्मा कामगाराचा आणि निम्मा मालकाचा. दाखला नसेल तर इथंही कापलं जातं आणि तिथंही. हे काम कंपनीनं करायचं असतं, पण पाठपुरावा तुम्हीच करायचा. एक लक्षात ठेवा, आरोग्य विमा या दाखल्यात येत नाही. तो तिघांचाही लागतो आणि त्याचे पैसे कोण भरणार ते पत्रात यायला हवं. 'ट्रॅव्हल इन्शुरन्स देऊ' असं कोणी म्हणालं तर तो दोन वर्षं राहायला जाणाऱ्याच्या कामाचा नाही.

पगाराचा आकडा कपातीआधीचा आहे की हातात येणारा, हे विचारायला लाजू नका. जर्मनीत कर आणि कपाती मोठ्या आहेत. अनेक कंपन्या तिथला कर स्वतः भरतात आणि तुमच्याकडून भारतात बसला असता तेवढाच कर कापून घेतात. असं असेल तर चांगलं, पण लेखी घ्या. पहिल्या महिन्याचं राहणं, तिघांची तिकिटं, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट, पत्नीचा जर्मनचा क्लास, एवढं बहुतेक कंपन्या मागितलं तर देतात. मागितलं नाही तर कोणी आठवणीनं देत नाही.

आता ज्यावर सगळ्यात कमी लोक भांडतात ते कलम, परत आल्यावरची जागा. पत्रात साधारणपणे लिहिलेलं असतं, 'परतल्यावर कंपनीच्या गरजेनुसार योग्य ती जबाबदारी दिली जाईल.' या वाक्याला काही वजन नाही. त्या जागी ग्रेड लिहून घ्या : 'सध्याच्या ग्रेडपेक्षा कमी नाही आणि मधल्या दोन वर्षांची वेतनवाढ धरून.' पदाचं नाव कोणी लिहून देणार नाही, ते मागूही नका. दोन वर्षांत विभागप्रमुख बदलतो, कधी सगळा प्लांटच बिडकीनला हलवायचा घाट घातलेला असतो. पण ग्रेड आणि शहर एवढं मिळू शकतं. शिवाय वाळूजमधला एक वरिष्ठ तुमचा 'इकडचा माणूस' म्हणून ठरवून घ्या आणि तीन महिन्यांतून एकदा त्याच्याशी बोला. समोर न दिसणाऱ्या माणसाला अप्रेझलच्या वेळी कोणी आठवत नाही.

आई-वडिलांच्या आजारपणात तातडीनं यावं लागलं तर? 'कुटुंबातील आपत्ती' याची व्याख्या बहुतेक पत्रांत पत्नी आणि मुलं एवढीच असते. त्यात आई-वडील आणि सासू-सासरे घालून घ्या. मराठवाड्याच्या माणसाला हे कलम पगाराइतकंच महत्त्वाचं.

निघण्याच्या तारखेचाही हिशेब करा. आर्थिक वर्षात भारतातलं तुमचं राहणं १८२ दिवसांपेक्षा कमी झालं, तर नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस म्हणून त्या वर्षासाठी करापुरते अनिवासी धरले जाता. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटाआधी निघालात तर एक गणित, आणि डिसेंबरमध्ये निघालात तर दुसरं. दुसऱ्यात तिथली कमाई इथंही दाखवावी लागते. दुहेरी कर टाळण्याच्या करारानं सवलत मिळते, पण कागद भरावे लागतात. कंपनीच्या खर्चानं एक चार्टर्ड अकाउंटंट मागा, दोन्ही देशांच्या विवरणपत्रांसाठी.

बँकेचं मात्र वेगळं आहे. परकीय चलनाच्या कायद्यानं नोकरीसाठी देश सोडलात की लगेच अनिवासी. साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासीच्या इथल्या कमाईच्या खात्यात, बदलून घ्यायचं आणि तिकडून पैसे पाठवायला एनआरई हे अनिवासीचं दुसरं खातं उघडायचं. जुना पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, नवा उघडता येत नाही. आणि तुमचं इथलं सिमकार्ड रोमिंगसह जिवंत ठेवा. बँक, आधार, पीएफ, सगळ्याचा ओटीपी त्यावरच येतो. नंबर बंद पडला म्हणून पीएफ खात्यात शिरता न आलेले बहाद्दर मी पाहिले आहेत.

शेतीचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण खरी गुंतागुंत तिथं आहे. अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची आहे ती ठेवता येते, वारसानं आली तरी चालते. म्हणजे या दोन वर्षांत भावकीतला शेजारचा तुकडा विकायला निघाला, तर तुमच्या नावावर खरेदीखत होणार नाही. वडिलांच्या नावावर घ्यावं लागेल. ते आधीच घरात बोलून ठेवा, म्हणजे ऐनवेळी बहिणीच्या मनात किंतु येणार नाही. तुमच्या नावच्या दोन एकरांची ई-पीक पाहणी दर हंगामात व्हायला हवी. ती शेतात उभं राहून करायची असते, पण दुसऱ्याच्या मोबाइलवरूनही होते. गावातलं कोण करेल ते नावानिशी ठरवा. सोयाबीन पाण्यात गेलं आणि सातबाऱ्यावर पेराच नाही, असं झालं की भरपाईच्या वेळी तलाठ्याशी स्टुटगार्टहून भांडता येत नाही. तुमच्या नावावर पीक कर्ज असेल तर फेडून मोकळे व्हा, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी बँक सहीला बोलावते. आणि वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र निघण्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका. परदेशातून करायचं तर वकिलातीत जाऊन साक्षांकित करा, इथं आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरा, अशी लांबण लागते.

वडिलांची शुगर. अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, लातूर हाकेवर आहे, म्हणजे डॉक्टरांची अडचण नाही. अडचण आहे ती रात्री दोन वाजता गाडी काढणाऱ्या माणसाची. तो माणूस नातेवाईकच असावा असं नाही. गावातल्या एखाद्या गाडीवाल्याशी सरळ व्यवहार करा, महिन्याला ठरावीक रक्कम द्या आणि हाक मारली की यायचं असं ठरवा. भावकीच्या भरवशावर राहिलं की पहिल्या वेळी चौघं धावतात, तिसऱ्या वेळी फोन उचलला जात नाही. यात भावकीचा दोष नाही, त्यांचीही शेतं आहेत. औषधांची यादी, रक्ताचे जुने रिपोर्ट आणि विम्याचं कार्ड एका फाइलमध्ये घालून एक प्रत बहिणीकडे ठेवा. बहिणीवर सगळं पडणार आहे हे मान्य करून जावईबापूंशीही स्वतः बोला. हे बोलणं तुम्ही करायचं, आईला करायला लावू नका.

तातडीनं यायची वेळ आली तर मुंबईच डोळ्यासमोर ठेवू नका. फ्रँकफर्टहून हैदराबादला थेट विमान आहे आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या माणसाला हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतं.

आईच्या वाक्याचं काय करायचं ते मी सांगू शकत नाही. एवढं सांगतो की त्यावर 'दोनच वर्षं तर आहेत' हे उत्तर चालत नाही. त्यापेक्षा आई-वडिलांचे पासपोर्ट आत्ताच काढायला टाका. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते आणि आधारवरचं नाव टीसीवरच्या नावाशी जुळत नाही, तेव्हा वेळ लागेल. पर्यटक म्हणून शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. मार्चअखेरीला न्या आणि मे संपता संपता परत पाठवा. इथला उन्हाळा चुकतो आणि मृगाच्या आत वडील शेतावर हजर. जूनमध्ये त्यांना कोणी तिकडं थांबवू शकणार नाही, प्रयत्नही करू नका. जायची तारीख कळली की रडण्याचा सूर निम्मा उतरतो, असा माझा अनुभव आहे.

आता पत्नीचं. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल 'ती तयार आहे' एवढंच आहे. कशाला तयार आहे, हे विचारलंत का? जिल्हा परिषदेची नोकरी सोडायची नसेल तर बिनपगारी असाधारण रजा मंजूर व्हावी लागेल आणि परदेशी जायची लेखी परवानगी वेगळी. दोन्ही कागद हातात आल्याशिवाय तिचं तिकीट काढू नका. 'साहेबांनी तोंडी हो म्हटलंय' यावर गेलेल्या माणसाला परत आल्यावर चौकशीला सामोरं जावं लागतं, कारण साहेबांची तोवर बदली झालेली असते. रजेत पगार बंद, वेतनवाढ आणि सेवाकाळावरही परिणाम होतो. तो किती, हे पंचायत समितीतल्या क्लार्ककडून नियमासह समजून घ्या.

आयसीटी कार्डवर गेलेल्याच्या जोडीदाराला जर्मनची परीक्षा देऊन यायची सक्ती नाही आणि तिथं काम करायची मुभा असते. पण शिक्षिकेची नोकरी चांगल्या जर्मनशिवाय मिळत नाही, तेव्हा तिच्या हाती पहिले काही महिने घर आणि खिडकी एवढंच. यावर मला एकच उपाय चाललेला दिसला. तिथल्या नगरपालिकांची प्रौढ शिक्षण केंद्रं असतात, फोल्क्सहोखशूले म्हणतात. तिथला जर्मनचा वर्ग उतरल्याच्या पहिल्या पंधरवड्यात लावायचा, आठवड्यातून शक्य तितके दिवस. भाषा किती येते हे दुय्यम. सकाळी तयार होऊन बाहेर पडायचं, वर्गात तुर्कस्तान, युक्रेन, ब्राझीलच्या बायका भेटायच्या, चूक जर्मनमध्ये गप्पा मारायच्या. ज्या घरांत हे झालं त्या बायका वर्षभरात नवऱ्यापेक्षा चांगलं जर्मन बोलू लागल्या. ऑफिसात इंग्रजीवर भागतं म्हणून नवरे तिथल्या तिथंच राहतात.

तुम्ही आधी जा, घर लावा, मग त्यांना बोलवा. पण हे अंतर तीन-चार महिन्यांच्या पुढं जाऊ देऊ नका आणि त्यांना नोव्हेंबरात उतरवू नका. डिसेंबरात तिथं सव्वाआठच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. ४२ अंशांच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडीपेक्षा हा अंधार जास्त लागतो. येळवशीला (वेळ अमावस्येला) गावी सगळे शेतात पांडवांपुढं बसून भज्जी-आंबील खात असतात, त्याचे फोटो मोबाइलवर येतात आणि इकडं खिडकीबाहेर दुपारीच दिवे लागलेले. त्या दिवसांत रोज दुपारी अर्धा तास उघड्यावर चाला, बर्फ असला तरी. व्हिटॅमिन डी तपासून घ्या. ऑगस्टमध्ये पोहोचलं तर अंधार यायच्या आत घराची आणि रस्त्यांची ओळख झालेली असते.

मुलीसाठीही ऑगस्ट बरा, कारण तिकडच्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात. सरकारी शाळा फुकट आहे, शाळा सक्तीची आहे आणि घरी शिकवायची परवानगी नाही. सहा वर्षांचं लेकरू तीन महिने गप्प राहतं. शाळेतून 'ती बोलत नाही' असा निरोप येईल, घाबरू नका. त्यानंतर ते थांबत नाही. मला काळजी वेगळीच वाटते. तिथं इंग्रजी बहुतेक ठिकाणी तिसरीपासून येतं. म्हणजे आठव्या वर्षी परत आलेली मुलगी फर्डं जर्मन बोलेल, पण इंग्रजी लिहिता येणार नाही आणि देवनागरी विसरलेली असेल. तिची आई शिक्षिका आहे, हे तुमचं नशीब. पहिली-दुसरीची बालभारतीची पुस्तकं बॅगेत घाला आणि रोज वीस मिनिटं बसवा. परत आल्यावर इंग्रजी माध्यम की सेमी, हेही आत्ताच ठरवून ठेवा.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. लग्न गावात झालं आणि नोंदणी राहून गेली असेल तर ग्रामसेवकाकडून विवाह नोंदणी दाखला आधी घ्या. दाखला, पासपोर्ट आणि मुलीचा जन्मदाखला या तिन्हींवर नावांची स्पेलिंग आणि क्रम एकच हवा. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि मुलीच्या दाखल्यावर सासरचं, यावर व्हिसा अडकून पडतो. वाहन परवाना तिथं पहिले सहा महिने चालतो, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. लोकल ट्रेन आणि बसचा देशभर चालणारा मासिक पास २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला आणि २०२६ पासून ६३ युरो झाला. तेवढ्यात भागतं, गाडीच्या नादी लागू नका.

घर शोधणं मात्र सोपं नाही. स्टुटगार्टच्या आसपास घरांची टंचाई आहे. जाहिरातीत 'तीन खोल्या' म्हणजे आपलं टू-बीएचके. भाडं दोन प्रकारे लिहितात. नुसतं भाडं म्हणजे काल्टमीटे आणि हीटिंग-पाण्यासकट वार्ममीटे. हिशेब नेहमी दुसऱ्याचा करा, वीज त्याशिवाय वेगळी. अनामत काल्टमीटेच्या तिपटीपर्यंत घेता येते. रिकाम्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरच नसतं : ओटा नाही, सिंक नाही, छताला फक्त वायरी. आधीचा भाडेकरू सगळं काढून नेतो. म्हणून 'किचनसह' हे शब्द बघून घर घ्या. घर न बघता कोणालाही अनामत पाठवू नका, तिथंही ठग भरपूर आहेत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यावरच कर क्रमांक येतो आणि बाकीचंही पुढं सरकतं. टीव्ही असो-नसो, दर घरामागे महिन्याला १८ युरोंच्या वर प्रसारण शुल्क भरावं लागतं. त्याचं पत्र आलं की फसवणूक समजून फेकू नका. वैयक्तिक दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, घ्या, तो स्वस्त आहे. इमारतीची मुख्य किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो.

रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज करायचा नाही. रविवारी दुकानंही बंद, म्हणून शनिवारी भाजी आणा. कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा. स्टुटगार्टच्या भागात जिना झाडायची आठवड्याची पाळीही भाडेकरूंवर येते, केरवोखे म्हणतात. ती चुकवलीत तर शेजारीण तोंडावर सांगेल. राग मानू नका, दुसऱ्या दिवशी ती हसून बोलेल. दवाखान्याचं : तातडीला ११२, रात्री-सुट्टीला साधा डॉक्टर हवा असेल तर ११६११७. एरवी भेटीसाठी थांबावं लागतं. वडिलांसारखी तुम्हालाही काही रोजची औषधं असतील तर तीन महिन्यांपुरती चिठ्ठीसह न्या.

जेवणाचं लिहिलंय म्हणून. युरोपात बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप आणि खवा नाही. ताजा कढीपत्ता किंवा केशर आंबे प्रमाणपत्राशिवाय नाहीत. ज्वारीचं पीठ, येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी जाते. तूप तिथल्या लोण्याचं घरी कढवा, छान होतं. शेगडी काचेची असते, गॅस नाही. म्हणून कुकर इंडक्शनच्या बुडाचा आणि तवा सपाट न्या. भाकरी जाळावर फुगवायची सवय असलेल्यांची पंचाईत होते, पण तव्यावरच कापडानं दाबून शेकली की जमते. मिक्सर चालतो, पिनला ॲडॅप्टर लागतो. मिरचीचा ठेचा करताना खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. कँटीनमध्ये शाकाहारी ताट असतं, चव शोधू नका.

कामाचं तुम्हाला फार शिकवायला नको. ८डी, पीपीएपी, व्हीडीए ६.३ या क्वालिटीच्या ठरलेल्या पद्धती तुम्ही त्यांच्याच पद्धतीनं करता. फरक 'हो' म्हणण्यात पडतो. वाळूजला साहेबांनी विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" की आपण "होऊन जाईल सर" म्हणतो आणि गुरुवारी रात्र जागून करतो. तिथं होणार नसेल तर सोमवारीच सांगायचं असतं, कारणासह. सोमवारी सांगितलेली अडचण ही माहिती असते, शुक्रवारी सांगितलेली म्हणजे विश्वास गेला. आणि रात्र जागून काम करणं तिथं कौतुकाचं नाही. दिवसाला दहा तासांच्या वर काम करायला कायद्यानंच मनाई आहे, तुम्ही थांबलात तर तुमचा बॉस अडचणीत येतो. साडेचारला काम संपलं तर इथं उन्हाळ्यात रात्रीचे आठ आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. आईला फोन करायची हीच वेळ, हिवाळ्यात ती झोपायच्या आत.

शिल्लक. युरोला शंभरानं गुणणं आधी बंद करा. समजा, हातात ३,२०० युरो येतात आणि घरभाडं तुमचं तुम्ही भरता. भाडं-हीटिंग-वीज १,५००, किराणा-भाजी ६००, पास-फोन-शुल्क-विमे २५०, बाकी किरकोळ २००. उरले साधारण ६५० युरो. त्यातून पत्नीचा बंद झालेला पगार वजा करा, गावचा गाडीवाला आणि औषधं वजा करा. हाती जवळजवळ काही उरत नाही. कंपनी घर देत असेल तर चित्र पालटतं. म्हणून घरभाड्याचा मुद्दा पगारवाढीआधी मांडा. तो मान्य झाला नाही तरी मी 'जाऊ नका' म्हणणार नाही, पण मग पैशासाठी चाललोय असं घरी सांगू नका. अनुभवासाठी आणि पुढच्या ग्रेडसाठी चाललोय असं सांगा, आणि जाताना हप्त्यावर प्लॉट घेऊन जाऊ नका.

परतीची तयारी शेवटच्या सहा महिन्यांत सुरू करा. वाळूजच्या त्या वरिष्ठाला लेखी विचारा की कोणत्या विभागात, कोणत्या तारखेपासून. मुलीचे शाळेचे दाखले घ्या, पत्नीच्या रुजू होण्याचा अर्ज रजा संपायच्या बऱ्याच आधी पाठवा. घर सोडायची नोटीस बहुतेक करारांत तीन महिन्यांची असते. आल्यावर बँकेला कळवून एनआरओ खातं पुन्हा निवासी करून घ्या. जर्मनीतलं खातं मात्र लगेच बंद करू नका. अनामत घर सोडल्यावर काही महिन्यांनी परत येते, हीटिंगचा वर्षाचा हिशेबही नंतर येतो आणि कराचा परतावा सगळ्यात शेवटी.